पाव गोळी

भाजीच्या सुरीने होत नाही.
दाढीचं नवं पातं लागतं,
चष्मा लागतो, पंखा बंद लागतो.
मसुराच्या डाळीएवढी पांढरी गोळी,
तिचे दोन, मग दोनाचे चार.
भुगा पडतो तो ओल्या बोटाने टिपून
भाकरीच्या तुकड्यावर.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या मी.
एक कमी भरली तर फाटक उघडत नसे,
अख्खी पाळी उभी.
आता कॅलेंडरवर
कुत्र्याच्या गोळ्या मोजतो.

चिवडा त्याचं नाव.
अंगावर सगळेच रंग थोडे थोडे, म्हणून.
दिवाळीनंतर खाजवायला लागला.
आधी पिसवा म्हटलं. मग कोंबडी बंद केली. मग गहू.
खोबरेल झालं, कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळ झाली,
शेजारच्या गायधनींनी आणखी काय काय सुचवलं
ते नुसतं ऐकून घेतलं.
रात्री पलंगाखाली ढोपर फरशीवर आपटायचं,
टक टक टक टक,
यंत्राचा पट्टा सैल झाल्यासारखं.
पोटाची कातडी भाजल्या वांग्यासारखी.
कानामागे रक्त.

बिटकोजवळच्या खैरनार मॅडम म्हणाल्या,
वालदेवीच्या काठाने फिरवता ना?
तिथलं गाजरगवत असेल. किंवा धूळ.
किंवा कधी सापडणारच नाही, काका.
मग चिठ्ठीवर लिहिता लिहिता एक शब्द बोलल्या,
तो ऐकून सुहासिनी खुर्चीतून अर्धी उठली.
स्टेरॉइड.
तिच्या भावाचा चेहरा तिने पाहिला होता,
दम्याच्या गोळ्यांनी पुरीसारखा टम्म.
श्वास तर घेत होता ना तो, मी म्हणालो.
चुकीच्या वेळी म्हणालो.
दोन दिवस घरात फक्त भांडी बोलली.

तिसऱ्या रात्री आवाज थांबला.
इतका थांबला की आम्ही दोघंही जागे झालो.
टॉर्च मारला:
चारी पाय ताणून झोपलेला,
पोट वर खाली, वर खाली.
सुहासिनी गार फरशीवरच बसली,
गुडघे दुखतात तरी.
मी टॉर्च धरून उभा.
कोणी विझव म्हणेना.

फुकट काहीच नसतं.
बादलीभर पाणी पितो,
मग रात्री दोनदा, अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर,
आम्ही फाटकापाशी
आणि साहेब खांब निवडतात.
भूक तर अशी की पायपुसणं चावून पाहिलं.
भाच्याने पिंपळगावहून द्राक्षांची पेटी पाठवली,
आणि द्राक्षं म्हणजे कुत्र्याला विष.
पेटी माळ्यावर.
दार लावून, बाथरूममध्ये उभ्याने,
जानेवारीत चोरून द्राक्षं खाणारं
नाशकात आमचंच एक घर असेल.

एकदम बंद करू नका, मॅडमनी बजावलं.
बाहेरून मिळतंय म्हटल्यावर
अंग स्वतःचं बनवायला विसरतं.
त्याला हळूहळू आठवू द्यायचं.
रोज अर्धी, मग एकाआड एक, मग पाव.

मला तीस जूनची संध्याकाळ आठवली.
शाल, नारळ, फोटो.
आणि एक जुलैला भोंग्याबरोबर
मी डबा घेऊन फाटकापर्यंत गेलेलो.
रखवालदाराने चहा पाजला, बिचाऱ्याने.
मला कोणी एकाआड एक केलं नाही.
हे मॅडमना सांगणार होतो,
पण बाहेर एक मांजर टोपलीत रडत होतं.

आज पाव गोळीचा दिवस.
उद्या फुली.
कानामागे पुन्हा केस आलेत, मऊ, जरा वेगळ्याच रंगाचे.
काल रात्री एकदाच आलं: टक.
मग नाही.
अंधारात सुहासिनी म्हणाली,
मोजलंत?
एक, मी म्हटलं.
ती कूस न बदलता
पुढच्याची वाट बघत राहिली. मीही.